मासा जिथं असेल

(सकाळ. पिंपळघाटच्या तलावात लाकडी डोंगा. वल्ह्यावर नत्थू, समोर त्याची सून गोपिका.)

गोपिका : इथंच थांबवा, मामाजी. वायर सोडते.

नत्थू : भिंतीजवळचा हा सारा पट्टा त्या बचाववाल्यायनं चाळून काढला वं. त्यायच्याजवळ मोठे आकडे होते, पाण्यात सोडाचा कॅमेरा होता. तू हे मीटरचं डबडं घेऊन काय पाहतं?

गोपिका : ते माणूस शोधून राहिले होते. मी मासा शोधते.

नत्थू : काय बोलून राहिली तू? माहा ऋषी परवापासून घरी नाई, अन् तुले मासा पायजे?

गोपिका : मासा सापडला तर हे कुठं बसले होते ते कळेल. यांनी कधी अंदाजानं गळ टाकला का? आधी मीटर पाण्यात. किती गरम, किती ऑक्सिजन. मासाही श्वासच घेतो, म्हणायचे. जिथं त्याला दम लागते तिथं तो कशाला थांबेल? इतक्या रविवारी यांच्यासोबत आले, वायर मीच सोडत होते. वायरवरच्या या खुणा पाहा. एकेका हातावर माझंच नेलपॉलिश लावलं आहे.

नत्थू : मोठं कौतुक होतं त्याले त्या डबड्याचं. कंपनीनं फेकलं, यानं उचललं.

गोपिका : हिंगण्याच्या प्लांटमध्ये पाणी तपासायचं होतं ते. यांनी दुरुस्त केलं. ... दोन. चार हातांखाली ऑक्सिजन दोनच दाखवते.

नत्थू : म्हंजे?

गोपिका : म्हणजे इथं रोहू, कतला कोणीच राहत नाही. तीन दिवस आभाळ होतं, आज कुठं उघडलं; वारा नाही, खालचं पाणी सडून राहिलं. हे इथं बसलेच नाहीत, मामाजी.

नत्थू : गाडी तं इथंच हाय त्याची! चिंचेखाली.

गोपिका : रस्ता तिथंच संपते. गाडी तिथंच लावावी लागते.

नत्थू : अन् ट्यूब? ज्या ट्यूबवर बसून तो गळ टाके, ट्रकची ती ट्यूब भिंतीले लागून सापडली. हे डबडं तिलेच बांधून होतं.

गोपिका : परवा दुपारी तेवढा वारा होता. अर्धा तासच, पण जोराचा. माझी वाळवणाची साडी उडून शेजाऱ्यांच्या टिनावर गेली. पश्चिमेचा वारा, थेट भिंतीकडे. रिकामी ट्यूब वारा नेईल तिकडे जाईल. माणूस नाही जात.

नत्थू : तू काहून असं बोलतं? जसं काई सारं ठरूनच गेलं.

गोपिका : मधे चला. त्या बुडालेल्या विहिरीकडे.

नत्थू : नेतो. पण आयक. म्या रात्रभर इचार केला. ट्यूब रिकामी, अंगावरचा एक कपडा नाई सापडला, मोबाईल गाडीच्या डिक्कीत. माणसाले जाचं असन अन् कोनी फोन करू नये वाटत असन, तं तो काय करन? फोन ठेवून जाईन. ट्यूब सोडून देईन पाण्यात. मांगच्या पायवाटेनं डांबरी रोडवर निंगाला, का भेटली बस.

गोपिका : कुठं जाणार होते?

नत्थू : जग काय थोडं हाय? काल म्या बर्डीवर जाऊन आलो. बस स्टँडवर त्याचा फोटो दाखोला. एक चायवाला म्हने, असा पोरगा दिसल्यासारखा वाटते.

गोपिका : त्याला रोज हजार पोरं दिसतात, मामाजी.

नत्थू : दिसला म्हने ना पन!

गोपिका : विहीर आली. थांबवा. ... वर चार. खाली तीन. इथंही नाही. वायर ओढते, आता नाल्याच्या तोंडाकडे घ्या. ... मामाजी, वल्हं चालवा.

नत्थू : नाई चालवत.

गोपिका : काहून?

नत्थू : तिकडं काय हाय ते तुले ठाऊक हाय. म्हनूनच तू पह्यले इकडं इकडं फिरोलं मले.

गोपिका : नव्हतं ठाऊक. अंदाज होता. यांना अंदाज चालत नव्हता, म्हणून मोजून पाहिलं.

नत्थू : भिंतीजवळ सापडला नाई तवा मले बरं वाटलं, गोपिका. खोटं काहून बोलू. ते पोरं रिकाम्या हातानं वर आले का मी हात जोडत होतो. तू एकेक जागा पुसत चालली. सारं पुसलं तं मंग माह्यापाशी काय राहीन?

गोपिका : आणि माझ्यापाशी? सकाळी चहाला पाणी ठेवते तेव्हा किती कप ठेवायचे, ते मला कळत नाही. आत्याबाई दारातून उठत नाहीत. गाडीचा आवाज आला का मला म्हणतात, जाय, पाहून ये. मी जाते. दर वेळी जाते, मामाजी.

नत्थू : तिले म्याच सांगतलं, का येते म्हनून.

गोपिका : माहीत आहे. मी स्वयंपाकघरातच होते, तुमचं भांडण झालं त्या दिवशीही. हिंगण्यात खोली घेतो, दोघं तिकडे राहतो, हे म्हणाले, अन् तुम्ही म्हणाले, जायचं तर आजच जाय, मग हे दार तुझं नाही.

नत्थू : तोंडातून निंगून गेलं वं. बाप हाय मी.

गोपिका : म्हणून तुम्हाला वाटते, ते रागानं गेले.

नत्थू : गेलाच असन. जित्ता असन तं जन्मभर बोलू नये माह्यासंगं. चालन मले.

गोपिका : रागानं गेले असते तर मला घेऊन गेले असते. खोली आम्हा दोघांची होती. ... द्या, वल्हं मला द्या.

नत्थू : बस खाली. डोंगा उलटीन. नेतो मी.

गोपिका : उजवीकडून घ्या. समोर बाभळीचे खुंट आहेत.

नत्थू : मले नको सांगू. लायनपनापासून जाळं टाकलं मी इथं. तलाव झाला तवा ह्या बाभळी तोडल्या नाईत कोनी, तशाच बुडाल्या. आमी इथं जाळं टाकत नाई. अडकते, फाटते.

गोपिका : हळू. आता थांबवा.

नत्थू : काय म्हनते?

गोपिका : सहा. ... खालीही साडेपाच. अन् पाणी थंड आहे, भिंतीपेक्षा चार डिग्री कमी. नाल्याचं ताजं पाणी इथंच शिरते.

नत्थू : हाय मासा. पाय तिकडं, कसा उसळून राहिला. साऱ्या तलावातला इथं गोया झाला.

गोपिका : हो.

नत्थू : त्या खुंटाले काय बांधून हाय वं? निळं.

गोपिका : जाळीची पिशवी. पकडलेला मासा हे त्यातच ठेवायचे, पाण्यात बुडवून. ... ओढा वर.

नत्थू : रोहू हाय. तीन... चार. जित्ते हायेत.

गोपिका : ही गाठ यांचीच.

नत्थू : गळाची दोरी पन हाय. खुंटाच्या बुडाशी गेली. तानून राहिली. डोंगा धरून ठेव, मी उतरतो.

गोपिका : तुम्ही नका उतरू. लोकांना बोलावू.

नत्थू : ढिवराचा पोरगा हाय मी. तिकडं तोंड कर तू.

गोपिका : मामाजी. ... मामाजी! बोला काही.

नत्थू : जाळं हाय इथं. कोनाचं तरी नायलॉनचं जुनं तंगूस, फाटलं म्हनून टाकून देल्लेलं. दिसत नाई पाण्यात, हाताले लागते. गळ सोडवाले उतरला असन. पाय गुतला त्यात.

गोपिका : हेच आहेत?

नत्थू : हाय वं. हाय. माहा हाय. रडून घे. इथं कोनी नाई.

गोपिका : नंतर. फोनला इथं रेंज आहे का पाहते. ... लागला. हॅलो, लहानूदादा? गोपिका बोलते, ऋषीची. तलावाच्या नाल्याकडच्या तोंडाशी या. पोलिसांना सांगा, बचाववाल्यांना सांगा. कापायला चाकू आणा, विळा आणा. हो. हो, दादा. घरी अजून कोणी सांगू नका, आम्ही सांगू. ... येतात म्हणाले. वेळ लागेल.

नत्थू : चार रोहू. म्हंजे घरी येनार होता?

गोपिका : आत्याबाईंना रोहूचं डोकं आवडते. दुसऱ्या कोणासाठी कशाला ठेवतील?

नत्थू : रागात नव्हता मंग.

गोपिका : राग आलाच होता, मामाजी. सकाळी कोणाशी न बोलता निघाले. पण येणारच होते. वर या आता. पाणी थंड आहे, तुमचे ओठ काळे पडले. ते येतील तेव्हा काढतील.

नत्थू : वर आलो तं हात सुटन त्याचा.

गोपिका : मी काय करू?

नत्थू : डोंगा त्या खुंटाले बांध. मासे सोडून दे पाण्यात. अन् डोक्यावर पदर घे, ऊन चढून राहिलं. मी हाय इथं. धरून हाय त्याले.