पट्ट्याचं दुसरं टोक

मी, इमारतीत शिवणवाल्या वहिनी म्हणून ओळखली जाणारी, वय ४६, धंदा कपडे शिवणे, राहणार औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

माझ्या घरी सासूबाई आहेत, वय ७४. खुब्याच्या ऑपरेशननंतर चार महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आज सकाळी साडेनऊला त्या काठी घेऊन, माझा हात न धरता अंगणात उतरल्या. बाकापर्यंत अकरा पावले उरली होती. मी मोजत होते.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांकडे पैलवान नावाचा दांडगा कुत्रा आहे. त्याला पट्टा लावूनच खाली आणायचे, असे इमारतीच्या बैठकीत ठरले. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी लाल पट्टा आणला आणि त्याचे दुसरे टोक कुत्र्याच्याच तोंडात दिले. तेव्हापासून कुत्रा स्वतःच स्वतःला फिरवून आणतो. मी तीनदा बोलले. दर वेळी तेच, "नियम पट्ट्याचा आहे ना वहिनी? लावलाय की. आणि तो काही करत नाही." पालथ्या घड्यावर पाणी.

आज पैलवानाने सासूबाईंना पाहिले, तोंडातला पट्टा टाकला आणि लाडाने दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले. त्या पडल्या. साहेब तेव्हा कोपऱ्यावर गप्पा मारत होते. माझ्या मिस्टरांनी सासूबाईंना दवाखान्यात नेले. हाड मोडलेले नाही. परंतु घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या हातात दिसेल, तेव्हाच मी खाली उतरेन." मला फार संताप आला आहे, तसे लिहावे.

हवालदारांनी आधी ‘हिंस्र कुत्रा’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. कुत्रा चावलेला नाही. मी एकदा "बस" म्हटले की तो बसतो. तक्रार मालकाविरुद्ध आहे.

कुत्र्याला मी घरी नेले. दुपारी बारापर्यंत तो माझ्या शिवणयंत्राच्या पायाला बांधलेला होता. साहेबांकडून त्याला शोधत कोणी आले नाही, म्हणून त्याला घेऊन इथे आले. ठाण्यातून साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "द्या ना सोडून, येईल तो आपला आपण."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही डाव्या हाताने केली आहे, कारण उजव्या हातात पट्टा आहे.