घड्याळजींचं डोकं

तपासणीसाठी रक्त दिल्यावर कोपराच्या खळीतला कापूस पाच मिनिटं दाबायचा असतो. माझ्या शेजारचे म्हातारे घड्याळजी वीस मिनिटं दाबून बसले होते. लेक सोबत होती.

"बाबा, सोडा आता हात."

"विसरलोच. बघ, डोकं गेलंच माझं."

"गेलं नाही. उपाशी आहे, म्हणाले डॉक्टर."

"उपाशी पोट असतं गं, डोकं कसलं?"

"आणि पोटात काय असतं तुमच्या? सकाळी बाहेरचा चहा-बिस्किट, रात्री बिस्किट-चहा."

"तेवढाच बदल."

"हसू नका. परवा एकाचे काटे दुसऱ्याच्या घड्याळात बसवलेत."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दुकान बंद करावं म्हणतो."

"आधी महिनाभर नीट जेवा, मग करा. मी डबा पाठवला की तसाच परत येतो. आई जाऊन वर्ष झालं, स्वयंपाकघराला अजून कुलूप."

"तिची मांडणी आहे. हात लावला की मोडेल."

"त्या डब्यांतल्या धान्यात आता पोरकिडेच जेवत असतील, बाबा."

घड्याळजींनी कापूस टोपलीत टाकला.

"दुपारी वेळ आहे तुला?"

"आहे की."

"मग घरी चल. आज कुलूप काढतो. तू शेजारी उभी राहून सांग, पातेलं मी चढवतो."