सिलास पास्टरची खाट

(नागपूर, मोहननगर, सन १९७९. रविवारची सकाळ. मारोतरावांच्या बैठकीत ते, त्यांची बायको प्रयागबाई आणि शाळामास्तर शांतवन या तिघांची घरगुती उपासना नुकतीच आटोपली आहे.)

मारोतराव : कळलं म्हणजे कसं कळलं, ते सांग ना वं. आवाज आला, स्वप्न पडलं, का वरून तार आली?

प्रयागबाई : प्रार्थनेत कळलं. डोळे मिटले अन् देवानं सांगतलं. सिलास पास्टरले दवाखान्यातून आपल्या घरी आणा. इथं बैठकीत त्याची खाट टाका.

मारोतराव : ऐकलं का गा, शांतवन मास्तर? देव आता आमच्या घरच्या खाटा हलवून राहिला. खिडकीपाशी टाका म्हणे, का भिंतीपाशी?

शांतवन : थट्टा नको, काकाजी. पण काकू, सिलास पास्टरची ती मंडळी सोडली तेव्हा आपण याच खोलीत काय ठरवलं होतं? यापुढे या घरात कुणाला दर्शन होणार नाही. कुणाला काही दिसलं, काही ऐकू आलं, तर आधी शास्त्रात दाखवायचं. वचन असेल तर बोलायचं, नसेल तर गप्प बसायचं.

प्रयागबाई : ठरवलं होतं.

शांतवन : मग वचन दाखवा.

प्रयागबाई : मले कुठं सापडते मास्तर? तुमी शोधा.

मारोतराव : मास्तर शोधतेच. मास्तर चहात साखर टाकाच्या आधी दोन पानं उलटून पाहाते.

शांतवन : पाहतो. का पाहू नये? मी चाळीस वर्षांचा झालो, काकाजी. माझं लग्न जमलं होतं. त्या सिलास पास्टरनं भर उपासनेत डोळे मिटून सांगितलं, शांतवनानं संसार करू नये असं देव म्हणतो. आणि मी मुलीकडच्यांना नकार कळवून आलो. एका शब्दानं विचारलं नाही की हे कुठं लिहिलंय. तेव्हापासून छापलेलं असेल तेवढंच मानतो.

मारोतराव : त्याच्या देवाले लोकाइच्या लग्नात लय इंटरेस्ट होता गा. पत्रिका पाहणारा जोशीही एवढा चौकशी करत नाही.

प्रयागबाई : आता त्याले बोलता येत नाही. लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

मारोतराव : माहीत हाये. साऱ्या मोहननगरले माहीत हाये. देवाचा लाऊडस्पीकर होता, वायर तुटली. तवापासून देवही गपचूप बसला आहे. आता तू नवीन कनेक्शन घेतलं काय?

प्रयागबाई : बोला. तुमचं झालं का मी बोलते.

मारोतराव : माहं इतक्यात होत नाही. त्याची उपासना भरे ते वाडीचं गोदाम आठवते ना मास्तर? बाजूच्या गाळ्यात ट्रान्सपोर्टवाल्याची मिरची उतरे. पोतं फुटलं का इकडं सगळी मंडळी डोळे पुसे, नाक ओढे. अन् हा वरतून ओरडे, पश्चात्ताप उतरून राहिला, उतरू द्या! मीही रडलो गा. अर्धं वर्ष रडलो. मले वाटे आपण लय पापी. मग एक दिवस पोतं पाहिलं.

शांतवन : माझाही पश्चात्ताप त्याच गाळ्यातला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की काकूंना जे झालं ते प्रकटीकरण आहे का, हे कसं ठरवायचं?

मारोतराव : लावा पंच कमिटी.

शांतवन : शास्त्रात दोन्ही बाजूंनी आहे. जिथं तुमचं ऐकत नाहीत तिथून निघताना पायाची धूळ झटका, असं आहे. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असंही आहे.

मारोतराव : म्हणजे आधी धूळ झटकाची अन् मग पान वाढाचं. वा! एवढ्यासाठी तुमी रोज पहाटे उठता?

शांतवन : तो आपला वैरी आहे की आपल्याला हाकलणारा गाव आहे, हे आधी ठरलं पाहिजे. त्याशिवाय कोणतं वचन लागू होतं ते सांगता येत नाही.

मारोतराव : मी सांगतो तो कोण हाये ते. आणीबाणीच्या वर्षीचा ईस्टर. आमची सलोमी तेवीस वर्षाची. छिंदवाड्याचा पोरगा, रेल्वेत नोकरीले, साखरपुडा झालेला. अन् याले अचानक दिसलं का तो पोरगा अंधाराचा हाये. बरं, मग उजेडाचा कोण? तर त्याचा स्वतःचा मेहुणा! बायको मेलेला, दात पडलेला. देवाले साऱ्या मध्य प्रदेशात अन् महाराष्ट्रात दुसरा उजेड सापडला नाही.

शांतवन : मी होतो तिथं, काकाजी.

मारोतराव : होते तर ऐका पुन्हा. पोरीनं नाही म्हटलं. तर याईनं तिले साऱ्यांपुढं उभं केलं, डोक्यावर हात ठेवला, अन् म्हणे हिच्यात दुष्ट आत्मा हाये, तोच नाही म्हणून राहिला. बायाईनं तिले दाबून धरलं. मी उठलो तर त्याच्या दोन पैलवानांनी मले खुर्चीसकट उचललं अन् अमरावती रोडवर नेऊन ठेवलं. ट्रकवाले हॉर्न मारून राहिले, मी खुर्चीवर. मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा.

प्रयागबाई : मी आतच होती. मी बायाईच्या हाताले चावली, तवा त्याईनं पोरीले सोडलं.

मारोतराव : गोष्ट छिंदवाड्याले पोचली. आत्मा असलेली पोरगी कोण करते? ते लोक मागं सरले. पोरगी नर्सिंगले जबलपूरले गेली ते गेली. नाताळले येते, दोन दिवस राहाते, अन् प्रार्थना सुरू झाली का अंगणात जाऊन उभी राहाते. आता त्याच माणसाची खाट इथं टाक. तिले म्हण, ये बाई, वळख करून देतो.

शांतवन : काकू, हे सगळं झालं असून त्याला इथंच का आणायचं?

प्रयागबाई : शेजारच्या यमुताईच्या सुनेची डिलिव्हरी झाली, म्हणून मी गुरुवारी मोठ्या दवाखान्यात गेली होती. वऱ्हांड्यात जमिनीवर एक गादी होती. मी पुढं निघून गेली. मग मागून नुसतं बा, बा, असं आलं. वळून पाहिलं तर तो.

मारोतराव : अन्य भाषेत बोलत असन, उपासनेत आत्मा उतरला का बोले तसा. सवय हाये त्याले.

प्रयागबाई : हसा. मलेही पहिले हसूच आलं. पण त्याची लुंगी वली होती. कवाची वली होती कोण जाणे. त्यानं डाव्या हातानं माहा पदर धरला, सोडेच ना. सुनेसाठी नेलेली खिचडी मी त्याले चारली. अर्धी बाहेर आली, अर्धी आत गेली.

शांतवन : त्याची मंडळी कुठं आहे?

प्रयागबाई : कोणती? फुटली ते. हार्मोनियम एकीकडं गेला, बाकं दुसरीकडं. मोठा गट मेहुण्यापाशी. अन् मेहुण्याले दर्शन झालं म्हणे, हा लकवा पापाचं फळ हाये, कोणी हात लावू नका.

मारोतराव : घ्या! धंदा घरातच राहिला.

प्रयागबाई : उद्या दवाखान्यातून काढून राहिले त्याले. सिस्टर म्हणे, नातेवाईक नसन तर गेटपाशी ठेवू, आम्ही काय करणार.

शांतवन : थांबा, काकू. हे सगळं तुम्ही गुरुवारी डोळ्यांनी पाहिलं. मग प्रार्थनेत देवानं सांगितलं, असं का म्हणालात?

प्रयागबाई : मले वाटते असं म्हटलं तर या घरात कोण ऐकते मास्तर? मले वाटते छप्पर गळून राहिलं, मले वाटते तुमचं खोकल्याचं औषध संपलं. हो हो म्हणते अन् पेपर उघडते. देवाचं नाव घेतलं, तर पाहा, एक तासापासून दोन माणसं माह्याशी भांडून राहिले.

मारोतराव : पेपरचं काय मधात?

शांतवन : खरं आहे ते, काकाजी.

मारोतराव : तुमी वचन शोधा.

प्रयागबाई : अन् अजून एक हाये. शुक्रवारी मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. सलोमीच्या हॉस्टेलवर.

मारोतराव : काय? पोरीले सांगतलं? काहून सांगतलं वं?

प्रयागबाई : सांगतलं नाही. इचारलं. म्हटलं, त्याले घरी आणू काय? तर म्हणे, आई, माह्याबद्दल साऱ्यांनी देवाले इचारलं. मले इचारणारी तू पहिली.

मारोतराव : मग?

प्रयागबाई : मग म्हणे, नाही.

मारोतराव : काय नाही?

प्रयागबाई : घरात नाही. म्हणे, त्याले जेवू घाल, धुऊन काढ, जे करायचं ते कर, मी तुले नाही म्हणणार नाही. पण तो त्या घरात असन तर मी तिथं पाय ठेवणार नाही.

मारोतराव : अन् तरी आज तू डोळे मिटून खाट टाकून राहिली?

प्रयागबाई : हो. टाकून राहिली.

मारोतराव : म्हणजे पोरगी नाही म्हणाली, अन् तिच्या ‘नाही’वर तू देवाले आणून बसवलं. सिलास पास्टरनं दुसरं काय केलं होतं वं?

शांतवन : काकाजी, जरा हळू.

प्रयागबाई : नाही, बोलू द्या त्याइले. माह्या तोंडून निघालं तवाच मले समजलं. आवाजही तसाच निघाला माहा, त्याच्यासारखा, थरथरता. पोरीचं ‘नाही’ डोक्यात होतं, त्याची वली लुंगी डोळ्यापुढं होती. दोन्ही मिळून मले झेपेना. म्हटलं, देवाच्या अंगावर टाकून देऊ. त्याले कोण नाही म्हणते?

शांतवन : प्रत्येक आत्मा पारखून घ्या असं लिहिलंय. पण कशावर पारखायचा ते मला आजवर नीट कळलं नाही. मी नुसता वचनांवर वचनं लावत बसलो.

मारोतराव : कळायचं काय त्यात? ज्या पोरीचं घर हाये ती नाही म्हणाली. दर्शन, वचन, सगळं त्याच्या मागं. इथं खाट पडणार नाही. बस.

प्रयागबाई : बरं. नाही पडणार.

मारोतराव : बरं?

प्रयागबाई : बरं म्हटलं ना. पण उद्या तो गेटपाशी असन.

मारोतराव : मास्तर, तुमची वाडीची खोली कशी हाये गा? हवेशीर असन.

शांतवन : माझी?

मारोतराव : नाही, मेहुण्याची.

शांतवन : काकाजी, मी दिवसभर शाळेत असतो. आणि मुळात मी एकटा आहे तो त्याच माणसामुळं!

मारोतराव : म्हणून तर खोली मोकळी हाये.

प्रयागबाई : असं बोलतात काय त्याले? मास्तर, तुमी मनावर घेऊ नका. नाही म्हटलं तरी चालन. आज या घरात नाही म्हणायची सूट हाये.

शांतवन : मला हसू येतंय, काकू. येऊ नये, पण येतंय. खरंच मोकळी आहे. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीला टेकून पुस्तकं. त्यानं मोकळी ठेवायला लावली, आता स्वतःच येऊन पडणार.

प्रयागबाई : म्हणजे हो?

शांतवन : याला वचन... जाऊ द्या. हो. पण मला यातलं काही येत नाही. आजारी माणसाचं मी कधी केलेलं नाही.

प्रयागबाई : दिवसा मी येते. सकाळच्या बसनं येईन, तुमची शाळा सुटेपर्यंत थांबीन. रात्री दोनदा कूस बदलून द्या, सलोमीनं सांगतलं हाये, नाही तर पाठीले जखमा होते.

शांतवन : तिनं सांगितलं?

प्रयागबाई : फोन ठेवता ठेवता. नर्स हाये ना.

शांतवन : मी त्याच्याशी काय बोलू, काकू? रात्रभर एका खोलीत. मला विचारायचं खूप आहे आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

प्रयागबाई : काही नका बोलू. पहिले त्याची दाढी करा. लय वाढली हाये, मुंग्या लागतीन अशी खिचडी अडकली हाये तिच्यात.

मारोतराव : अर्धीच करायची हाये.

प्रयागबाई : अर्धी?

मारोतराव : डावा गाल झाला.

प्रयागबाई : तुमाले काय माहीत? काल संध्याकाळी तर तुमी गांधीबागेत गेले होते, पडद्याचं कापड पाहाले.

मारोतराव : कापड पसंत पडलं नाही.

शांतवन : काकाजी, तुम्ही दवाखान्यात गेला होता?

मारोतराव : त्याले पाहाले गेलो होतो गा. मनात आलं, चार वर्षं पाठ करून ठेवलेलं एकेक सुनवतो, आता त्याले उलटून बोलता येत नाही. बाजूच्या रोग्याचा न्हावी बसला होता. त्याचा वस्तरा मागून घेतला. काहून मागितला, मले इचारू नका.

प्रयागबाई : अन् मग?

मारोतराव : मग उजव्या बाजूले आलो. तिकडं थोडं कापलं. रक्त आलं अन् तो नुसता माह्याकडं पाहून राहिला. मी वस्तरा खाली ठेवला. मास्तर, तिकडून हात हलका ठेवा. त्या गालाले कापलं तरी त्याले समजत नाही.