ओठाला चिकटते ती बाजू

ती : बेचाळीस, त्रेचाळीस… तुम्ही ओढताय.

तो : मी ओढत नाही. तू सैल सोडतेस.

ती : चार फूट रुंद ओला कागद आहे, सैल कसला सोडते. मी इकडून गुंडाळते तेवढा तुम्ही तिकडून उलगडा, म्हणजे झालं. चव्वेचाळीस.

तो : मोजताना बोलू नकोस. आकडा चुकतो.

ती : तुमचा चुकतो. मी एकेचाळीस वर्षं तुमच्याशी बोलत बोलतच सगळं मोजत आलेय. माझ्या टोकाला खडखडतंय. पन्हळीत डेव्हलपर कमी आहे का?

तो : पुरेल. छपराच्या पन्हळी आहेत त्या, फोटोसाठी कुणी बनवलेल्या नाहीत. खडखडणारच. काही उमटलं का?

ती : थांबा… केस आले. आता भुवया. एक आली, दुसरीही येतेय. गेलं, गुंडाळलं गेलं. पुढच्या फेरीला सांगते.

तो : सगळीकडे सारखं येतंय का? डाग, पट्टे?

ती : तांबड्या दिव्यात माझं तोंडसुद्धा मला धड दिसायचं नाही. पट्टे नाहीत, एवढं सांगते. आणि तुमची लाळ गळतेय पन्हळीत.

तो : ओठ बधिर आहे अजून. सकाळच्या इंजेक्शनचा.

ती : दाढ काढलेल्या दिवशीच हा उद्योग काढायला हवा होता का? चहा अर्धा शर्टावर गेला. उद्या केलं असतं.

तो : डेव्हलपर काल कालवून ठेवला होता. उद्यापर्यंत तो मेला असता. आणि पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय, चार खिडक्यांना घोंगड्या ठोकल्यात. परत परत कोण करणार हे? किती झाले?

ती : अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. पाचव्यांदा साठ झाले, पाच मिनिटं पुरी.

तो : निथळू दे. घाई नको. आता माझ्याकडून दुसऱ्या पन्हळीत… तुझं टोक आधी बुडव. हं. आता तिसरीत. हायपोत दहा मिनिटं, म्हणजे चित्र पक्कं होतं. सारखं फिरवत राहायचं, हात थांबवायचा नाही.

ती : हात माझे दोनच आहेत आणि दोन्ही तुमच्याच कामात आहेत.

(घोंगड्या निघतात. दुपारचं ऊन. न्हाणीघरात नळ सोडलेला.)

ती : डावीकडे उंबरा. पाय उचला. पुढे लाकडाची चौकट आहे, तिच्यावर अडखळू नका. त्यातच प्लास्टिक घातलंय.

तो : चौकट मीच ठोकलीय.

ती : ठोकताना अंगठाही ठोकलात. हं, खाली बसा. मी उलगडते, तुम्ही फक्त टोक धरा. ओला झाला की काय जड होतो हा, भिजलेल्या गोधडीसारखा.

तो : ओढू नकोस. ओल्यात फाटतो. सोड पाण्यावर. पाणी ज्या कोपऱ्यातून येतं त्याच्या समोरच्या कोपऱ्यातून जातंय ना?

ती : जातंय. खालच्या मजल्यावरच्या बाई आता येतील विचारायला, तुमच्याकडे कुणी तासभर आंघोळ करतंय का.

तो : सांग, हो. तू करतेयस. चार फूट बाय सहा.

ती : पुरे. एक तास म्हणालात ना? दोन वाजून दहा मिनिटं झालीत.

तो : पूर्ण एक तास. हायपो कागदात राहिला की तीन-चार वर्षांत तपकिरी पडतो. दुकानात घाईच्या दिवसात मीही वीस मिनिटांत काढलेत लोकांचे फोटो. आता त्यांच्या घरात पिवळे पडत असतील.

ती : तुमच्या डोळ्यांना कडेकडेनं जेवढं दिसतं, त्यालाही डॉक्टरांनी दोनच वर्षं दिलीत. मग हा दहा वर्षं टिकला काय, शंभर टिकला काय.

तो : धुवायचं म्हणजे धुवायचं. आता सांग कसा आलाय.

ती : बघतेय.

तो : काळा कसा आहे? केसांचा काळा पाटीसारखा आहे की राखाडी मारतो?

ती : पाटीसारखा.

तो : आणि खिडकीकडचा गाल? उजेडानं जळलाय का? कातडी दिसायला हवी तिथे, नुसता पांढरा कागद नको.

ती : दिसतेय कातडी. लव दिसतेय.

तो : मग अशी तुटक तुटक का बोलतेस?

ती : ही मी आहे.

तो : तूच आहेस. दुसरं कोण असणार? लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यातला. खिडकीत बसवलं होतं, तिकडे दूध उतू गेलं, तोच.

ती : तसं नाही. तुम्ही माझे किती फोटो काढलेत?

तो : मोजले नाहीत. शे-दीडशे असतील.

ती : त्यातल्या एकातही मी मला सापडले नाही. नेहमी वाटायचं, ही माझी चुलत बहीण असेल. दिसायला माझ्यासारखी, पण जरा शिष्ट. म्हणून तर मी कुठलाच लावू दिला नाही घरात. हा पहिला. हिला मी ओळखते.

तो : मोठा केला म्हणून वाटत असेल.

ती : असेल. मोठा करायचं म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आज सांगते. म्हटलं, माणसाची नजर जायला आली आणि त्याला बघायचाय तो चोवीस वर्षांच्या पोरीचा चेहरा. मी समोर आहे ती चालत नाही.

तो : तू समोर असलीस तरी मधोमध डाग येतो. तुझ्याकडे बघितलं की नेमका चेहराच जातो आणि कान राहतात. आत्ताचा चेहरा मला हात लावून कळतो. हा कळत नाही. सहा फुटांचा केला की डागात फक्त नाक जाईल, बाकीचं कडेला उरेल. एवढाच हिशेब.

ती : एवढाच हिशेब. हे आठ दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर मी पलंग रागानं उचलला नसता.

तो : रागानं उचललास म्हणून तर उचलला गेला. मला हनुवटीच्या बाजूला बसव. हात ओला आहे, नखं कापलीत. तिळाला हात लावू दे. तेवढा सापडला की बाकीचं मी लावतो जुळवून.

ती : या इकडे. गुडघे चौकटीबाहेर ठेवा. ही हनुवटी.

तो : थांब, सांगू नकोस. इथून वर… गाल… इथे.

ती : तिथे नाही.

तो : इथेच असतो. एकेचाळीस वर्षं हा हात तिथेच जातोय.

ती : इकडे आहे. आणा हात. अजून इकडे. नाकाच्या पलीकडे. हा.

तो : इथे? या गालावर?

ती : काय झालं?

तो : नळ बंद कर.

ती : अजून वीस मिनिटंही झाली नाहीत.

तो : बंद कर. उलटा आलाय. यंत्रात फिल्म पालथी लावली मी.

ती : काही उलटा नाही. मी बघतेय ना. तीळ डाव्या गालावर असतो, डावीकडेच आहे. भांग बरोबर. सगळं जिथल्या तिथे आहे.

तो : तुझ्या दृष्टीनं. तू स्वतःला आरशात बघतेस. आरशात तुझा तीळ डावीकडेच दिसतो. मी समोरून बघतो, मला उजवीकडे दिसतो. फोटोतही उजवीकडेच यायला हवा. म्हणून तर तुला ती ओळखीची वाटली.

ती : पण तुमची फिल्म कधी चुकते? डोळे मिटून लावता.

तो : डोळ्यांनी लावतच नाही. ओठानं लावतो. फिल्मची मसाल्याची बाजू ओल्या ओठाला चिकटते, दुसरी गुळगुळीत सुटून येते. गुरुजींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

ती : आणि आज ओठ बधिर.

तो : आज ओठच नव्हता. दोन्ही बाजू सारख्याच लागल्या. मला वाटलं, चिकटली.

ती : मला विचारायचं होतं.

तो : तुला काय विचारणार? फिल्मचा उजेड भिंतीवर पाडून तू फोकस केलास तेव्हा मी विचारलं, तीळ सापडला का? तू म्हणालीस, सापडला, निगेटिव्हमधला पांढरा ठिपका, नेहमीच्या जागी.

ती : नेहमीच्याच जागी होता.

तो : तेच म्हणतोय. किती कागद उरलाय रोलवर?

ती : वीतभर. आणि त्यालाही कडेनं उजेड लागलाय.

तो : दुसरा मिळणार नाही. एवढ्या रुंदीचा बनवणं कधीच बंद झालं. हा अकरा वर्षं फ्रिजमध्ये भाज्यांच्या खाली ठेवला होता.

ती : माहितीये. अकरा वर्षं मी कोबी वरच्या कप्प्यात ठेवलाय.

तो : नळ बंद कर. चुकीचा फोटो धुऊन काय करायचंय? पाणी वाया.

ती : नाही करत.

तो : ऐक जरा. मला चुलत बहीण बघायची होती. शिष्ट तर शिष्ट. मला तीच माहीत आहे. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती, आरशाकडे नाही. ही कोण आहे, मी कधी बघितलेली नाही.

ती : नाहीच बघितलीत. शे-दीडशे काढलेत, एकदाही बघितली नाहीत.

तो : तसं म्हणू नकोस.

ती : रागानं नाही म्हणत. तुमचा दोष नाही, भिंगाचा असेल. पण मी रोज सकाळी जिचे केस विंचरते ती ही आहे. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी हिच्याकडेच बघून रडले, कारण बाहेर तुमचे पाहुणे होते. तुम्ही दुकानात असायचात तेव्हा घरात मी हिच्याच सोबतीला होते. आज तुम्ही तिला सहा फुटांची करून फरशीवर निजवलीत आणि म्हणताय, नळ बंद कर. नळ चालूच राहील. बसा.

तो : बसलोच आहे.

ती : कपाटाचा मोठा आरसा आहे. फोटो त्याच्यासमोर लावते. मी भिंतीकडे बघेन, तुम्ही आरशात बघा. आरशात तुमचीवाली दिसेल, तीळ उजवीकडे. मग तर झालं?

तो : आरशावर खिडकीचा उजेड येतो. मला नुसतं चकाकेल.

ती : पडदा लावू.

तो : बघू. किती वाजले?

ती : पावणेतीन.

तो : ही कशी आहे?

ती : कोण?

तो : हीच. तुझीवाली. माझ्यावालीपेक्षा वेगळी काय आहे?

ती : मला कुठं सांगता येतं. तुमच्या फोटोंत ती एक भुवई चढलेली असते ना, तिच्यामुळे मी नेहमी कुणाला तरी जाब विचारतेय असं वाटतं. हिची ती भुवई या बाजूला आली की जाब नाही वाटत. काहीतरी सांगायला तोंड उघडणार आहे, तसं वाटतं.

तो : काय सांगणार आहे?

ती : दूध उतू जातंय, एवढंच. तुम्ही हलू देत नव्हतात.

तो : वास आला होता मला.

ती : आला होता?

तो : आला होता. उजेड चांगला होता. म्हटलं, जाऊ दे दूध.

ती : आणि पातेलं मी घासलं.

तो : ते जांभळं औषध कुठं आहे? पेल्यात चार थेंब टाक. मग फोटोचा एक कोपरा हळूच उचल आणि त्याचं पाणी पेल्यात निथळू दे. रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे. टिकला तर धुऊन झालं.

ती : अजून तास व्हायला वीस मिनिटं आहेत.

तो : मग वीस मिनिटांनी कर.

ती : म्हणजे धुवायचा ना?

तो : मी कधी म्हटलं नाही म्हणून?

ती : म्हणाला असलात तरी मी ऐकलं नाही. कपाट सरकवायला वरच्या मजल्यावरच्यांना बोलावते संध्याकाळी.

तो : कपाट राहू दे. पलंगासमोरच्या भिंतीवर लाव.

ती : तिथे आरसा नाही.

तो : नसू दे.

ती : तुम्हाला उलटा दिसेल.

तो : दिसू दे. सकाळी उठल्यावर तू सांगत जा कुठे काय आहे ते. जरा सरक, हनुवटीशी येऊ दे मला.

ती : ही हनुवटी. हात पाण्यातूनच न्या. आणि हे काय, उजवा सोडून डावा हात का पुढे केलात?

तो : सवय करतोय.