डावा कार्बोरेटर जावयाचा

जावयाला सासरी कोणी ओरडत नाही म्हणतात ना, ते मी चारकोपला अनुभवलंय. सासऱ्यांची जुनी मोटरसायकल कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. दोन सिलिंडर, आणि प्रत्येकाला हवा-पेट्रोल पुरवणारा एकेक कार्बोरेटर. माझी बायको स्वाती म्हणाली, "डावा तू खोल, उजवा मी खोलते. बघूया कोणाचा चालतो."

आम्ही दोघांनी ते साफ केले, नवे वॉशर घालून परत बसवले. पहिली फेरी सासूबाईंची ठरली होती, त्या तयार होऊन खाली आल्या. सासऱ्यांनी किक मारली. गाडी चालू झाली, पण लंगडत. फट... फट...

मी लगेच म्हणालो, "स्वाती, तुझा बंद आहे."

तिने दोन्ही सायलेन्सरजवळ हात नेला. उजवा तापला होता. डावा थंडगार!

सासऱ्यांनी डावा कार्बोरेटर सोडवला, हवेच्या तोंडात बोट घातलं आणि एक फडकं बाहेर ओढलं. धूळ जाऊ नये म्हणून मीच कोंबलं होतं, काढायचं विसरलो. माझी तर वाट लागली. पण सासरे हसू दाबत म्हणाले, "स्वाती, जावईबापूंची काळजी बघ. धूळसुद्धा आत जाऊ दिली नाही."

"धूळ सोडा बाबा," स्वाती म्हणाली, "ह्याने हवासुद्धा जाऊ दिली नाही!"

हेल्मेट चढवून उभ्या असलेल्या सासूबाई इतक्या हसल्या, की फेरीला निघण्याआधी त्यांना काच आतून पुसावी लागली.