एका पायावर कुंदाताई

हसू नका गा, आमच्या रनिंग ग्रुपमध्ये सगळ्यांत फास्ट धावणारा मीच. तरी ऐका. रामटेकच्या चढावर नेण्याआधी कोच म्हणाले, “एका पायावर दोन मिनिटं उभे राहा. श्वास रोखू नका, हळूहळू सोडत राहा.”

मी दात आवळून उभा राहिलो अन् तीनदा पडलो. बाजूले साठीच्या कुंदाताई एका पायावर उभ्या होत्या, अन् नवऱ्याले फोनवर भाजी कशी कराची ते सांगून राहिल्या होत्या.

मी चिडलो, “सर, ताईचं ध्यानच नाही!”

कोच म्हणाले, “त्या बोलून राहिल्या, म्हणजे श्वास चालू आहे. तू काहून रोखून धरला?”

तेवढ्यात ताईनं विचारलं, “सर, फोडणी सांगाची राहिली. पाय बदलू का?”