सुमीचा वाटा

मी मूळचा अक्कलकोटकडचा, आई घरात कानडीच बोलायची, बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आन बारा वर्साचा असताना मी सोलापुरात आलो ते खानावळीत भांडी घासायला, तितंच सैपाक शिकलो. लगीन झालं, शुक्रवार पेठेत एक खोली घेतली, दोन पोरं झाली, मग सुमी. बहात्तरच्या दुष्काळात शहराबाहेर पलटणीचा तळ पडला हुता, तितल्या लंगरात, म्हंजी जवानांच्या सैपाकघरात, मला आचारी म्हनून घेतलं. शिविलचा मानूस, वर्दी न्हाय, रेशन न्हाय.

काय सांगू तुमाला तितलं खानं! जवानाला दूध, तूप, डाळ, मटन, समदं तराजूत मापून, आन मापून कशाला, तर कमी पडू नये म्हनून. रांधनारे आमी सहाजन भिताडाच्या सावलीला बसून घरनं आनलेली लाल मिलो जवारीची भाकर मिरचीच्या पान्यात बुडवून खायचो. उरलेलं अन्न खड्ड्यात जायचं, वर फिनेल वतायचं, कुनी उचलू नये म्हनून. दुष्काळात हां! लिवा हे.

त्याच साली सुमी, चार वर्साची, दिवेलागनीला दारा-भिताडावर आपटायला लागली. बायकू म्हनली, खेळकर हाय, बघत न्हाय. मीबी तसंच म्हनलो. मग एकदा पलटणीच्या डाक्टरनं आमा आचाऱ्यांना उभं करून शिकवलं, की आठवड्याला बकऱ्याचं काळीज रांधायचंच, पोटात त्यातला कस गेला न्हाय तर अंधार पडल्यावर दिसत न्हाय, आन लहान पोरांचे तर डोळेच जात्यात. माझ्या हातातला झारा थांबला. लंगरचं रेशन मापून देनाऱ्या हवालदाराकडं गेलो, पोरीसाठी मूठभर द्या म्हनलो. त्यो म्हनाला, शंकर, तुझी पोरगी कुटल्या कंपनीत भरती झालीय रे? समदी हसली. मीबी हसलो, काय करनार.

मग चोरलं. व्हय, चोरलं. चार रविवार, डब्यात भाकरीच्या तुकड्याखाली, फाटकावर जीव मुठीत धरून. घरी बायकूच्या हातात दिलं, म्हनलो, पोरीला घाल, डोळ्याचं औषद हाय. आन हात धुऊन जेवायला बसलो. आमच्यात आदी बाप्ये, मग पोरं, मागनं बाया आन पोरी, रीतच हाय. ताटात फोडी आल्या. म्हनलो, सुमीला ठेवलंय नव्हं? ती म्हनली, ठेवलंय की, तुमी खावा, दिवसभर राबताय. खाल्ल्या मी. चारी रविवार खाल्ल्या.

पुढं सुमीला गोवर आला आन डोळे दुधागत पांढरे झाले. दवाखान्यात डाक्टरनी इचारलं, खायला काय घालत हुता? म्हनलो, काळीज घातलं की साहेब, चार वेळा. तर बायकू तितंच खाली बसली. म्हनली, तिला रस्सा घातला, फोडी तुमाला आन पोरास्नीच पुरल्या न्हाईत.

तिला काय बोलू? तिनं सवताला रस्साबी घेतला नव्हता. पलटणीत निदान माप भिताडावर लिवलेलं हुतं, आमच्या घरातलं कुनी लिवलेलं न्हाय, तरी कुनी चुकवत न्हाय. हवालदारावर मी मागनं घरात लई तोंड टाकलं, पन सुमीच्या वाट्याचं त्यानं न्हाय खाल्लं, मी खाल्लं.

आता तळ उठला, मी परत खानावळीत. सुमी आठ वर्साची झाली. तुमी लिवताय, लिवा, तिला त्याचा काय उपेग. मी आता पैलं ताट तिला वाढतो. ती ताट चाचपती आन हात आखडून बसती. इचारती, अप्पा, तुमी जेवला का? दादा जेवले का? व्हय म्हनलो तरी चांगला घास कडेला सारून ठेवती, आमच्यासाठी.